कोल्हापुरातून गेलेला एक अर्ज

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दुपारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. नमस्कार झाला, फराळाची बशी पुढे आली, आणि चकलीला हात लावण्यापूर्वीच त्याने खिशातून एक घडी केलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. परदेशातील नोकरीसाठी केलेला इंग्रजी अर्ज होता तो. मुलगा इतिहास घेऊन एम. ए. झालेला, एका पतपेढीत चार वर्षे खतावण्या लिहिणारा, हुशार, वळणदार अक्षराचा. अर्जातले इंग्रजी मी तपासून द्यावे, एवढीच त्याची मागणी होती. पण कागद माझ्या हातात दिल्यावर तोच म्हणाला, "सर, माझा मावसभाऊ वेल्डर आहे. त्याला बाहेर लगेच काम मिळालं. मला मात्र जो तो विचारतो, तुला येतं काय? आता मला काय येतं ते तुम्हीच लिहा."

मी चष्मा लावला, पेन हातात घेतले, आणि बराच वेळ काहीच लिहिले नाही. इतिहासाचे मास्तर असले म्हणजे असे होते. समोरचा माणूस आजचे बोलत असतो आणि आपले मन भलत्याच साली जाऊन बसते. माझे मन जाऊन बसले १८७८ मध्ये. त्या वर्षी याच कोल्हापुरातून असाच एक अर्ज अमेरिकेला गेला होता. अर्जदार इंजिनियर नव्हता, वैद्य नव्हता, कारागीरही नव्हता. तो पोस्टातला कारकून होता.

त्या काळचे कोल्हापूर डोळ्यांसमोर आणले पाहिजे. रेल्वे यायला अजून तेरा वर्षे होती. ती आली १८९१ साली. गादीवर अल्पवयीन महाराज, कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली. परदेश म्हणजे काय, हे इथल्या लोकांना एकाच गोष्टीमुळे पक्के ठाऊक झाले होते. छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये विलायतेला गेले, आणि परत येताना इटलीतील फ्लॉरेन्स शहरी ३० नोव्हेंबर रोजी वारले. वय अवघे वीस-एकवीस. आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले. तिथे पुढे छत्री उभी राहिली, ती आजही आहे. राजा गेला तो परत आला नाही, ही गोष्ट अवघी आठ वर्षांची होती. समुद्र ओलांडला की जात जाते, हे शास्त्री सांगत. प्राणही जातो, हे लोकांनी पाहिले होते. अशा गावात बसून एका कारकुनाला वाटले की आपण अमेरिकेला जावे.

त्याचे नाव गोपाळ विनायक जोशी. मूळ संगमनेरचे. पोस्टातील नोकरी म्हणजे बदल्यांची नोकरी; कल्याण, अलिबाग, मग कोल्हापूर. पहिली बायको वारलेली. दुसरी कल्याणच्या जोशांच्या घरची यमुना, लग्नाच्या वेळी नऊ वर्षांची. सासरी तिचे नाव आनंदी झाले. गोपाळराव तिच्याहून वीसएक वर्षांनी मोठे. त्यांना एकच वेड होते, बायकोला शिकवायचे. हे वेड साधेसुधे नव्हते. अभ्यास सोडून ती स्वयंपाकघरात रमलेली दिसली तर ते तिला मारीत. तिने पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात लहानपणच्या त्या मारहाणीचा स्पष्ट उल्लेख केला आहे, आणि त्याच नवऱ्याचे ऋणही मानले आहे. आजच्या वाचकाला हे एकत्र बसवणे कठीण जाते. मलाही जाते. पण दोन्ही खरे आहे, आणि त्यातले एक गाळून गोपाळरावांची आरती करणारे किंवा दुसरे गाळून त्यांना नुसते शिव्या देणारे, या दोघांचेही लिखाण मला अर्धवट वाटते.

कोल्हापुरात गोपाळराव बायकोला सोबत घेऊन रस्त्याने चालत. नवराबायको जोडीने रस्त्यात, बायकोच्या हाती पुस्तक, हे दृश्य त्या वेळी पाहवत नसे. लोक टवाळी करीत. या टवाळीतून सुटायचे तर जिथे कुणी वळून बघणार नाही अशा देशी जावे, असे गोपाळरावांच्या मनाने घेतले. देश कोणता, तर अमेरिका. कारण इथली मिशन अमेरिकन होती. रॉयल वायल्डर या अमेरिकन मिशनऱ्याने १८५२ साली कोल्हापुरात मिशन उघडली होती. त्यांच्या नावाचे प्रार्थनामंदिर आजही गावात आहे. वायल्डर तोवर मायदेशी परतले होते आणि प्रिन्स्टनहून 'मिशनरी रिव्ह्यू' नावाचे मासिक काढीत होते.

सप्टेंबर १८७८ मध्ये गोपाळरावांनी इंग्रजीत पत्र लिहिले आणि ते वायल्डरसाहेबांपर्यंत गेले. आशय असा : मला माझ्या बायकोला शिकवायचे आहे, इथे ते होत नाही, मला अमेरिकेत काही काम मिळवून द्याल तर मी तिला घेऊन तिकडे येईन.

शिक्षणाचे ध्येय, सुधारणा, हे सगळे त्या पत्रात आहेच. पण मूळ ते नोकरीसाठी केलेले पत्र आहे, हे आपण विसरतो. आनंदीबाईंची गोष्ट सांगताना हे पत्र जणू दैवी घंटानादासारखे सांगितले जाते. मला त्यात दिसतो तो पगारावर जगणारा माणूस. बायकोला तिकडे न्यायचे तर आधी दोघांच्या पोटाची सोय हवी, हा त्याचा हिशेब होता. आणि त्याच्यापाशी विकायला होते काय? टपालाची वर्गवारी, नोंदवह्या, मनिऑर्डरी नव्हेत, कारण त्या अजून सुरू व्हायच्या होत्या. थोडे मराठी, थोडे संस्कृत, आणि बरे इंग्रजी. ज्या देशात सगळेच इंग्रजी बोलतात तिथे हिंदी कारकुनाच्या इंग्रजीला कोण विचारणार?

वायल्डरसाहेबांनी उत्तर दिले. त्यात नोकरी नव्हती. गोपाळरावांनी ख्रिस्ताचा विचार करावा, असा उपदेश होता. आणि मग साहेबांनी पत्र व उत्तर दोन्ही आपल्या मासिकात छापून टाकली. कुणी नोकरी मागावी आणि आपण ती न देता त्याचा अर्ज छापावा, हे मला आजही सभ्यपणाचे वाटत नाही. पण साहेबांनी ते छापले नसते तर पुढचे काहीच घडले नसते, हेही कबूल करायला हवे.

गोपाळरावांची पुढे मुंबईला, मग कच्छात भुजला बदली झाली. या वर्षांच्या सुमारास आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहाच दिवसांत गेला. वेळेवर नीट औषधोपचार मिळाला नाही, बाईला तपासायला बाई डॉक्टर नाही, ही सल त्यांच्या मनात राहिली. इकडे अमेरिकेत १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या. पाळी येईपर्यंत वेळ जावा म्हणून त्यांनी तिथे पडलेले जुने मासिक चाळायला घेतले. ते होते 'मिशनरी रिव्ह्यू'. वायल्डरसाहेबांच्या उपदेशाकडे त्यांनी फारसे लक्ष दिले नाही. एका परक्या मुलीला शिकायचे आहे एवढेच त्यांना दिसले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

कार्पेंटरबाईंनी देऊ केले ते घर. गोपाळरावांना नोकरी त्यांनाही देता येण्यासारखी नव्हती. मग सगळ्या बेताची दिशाच फिरली. नवऱ्याने नोकरी करायची आणि बायकोने शिकायचे, हा मूळ बेत. आता नवऱ्याने इकडे नोकरीत राहायचे आणि बायकोने एकटीने तिकडे जाऊन डॉक्टर व्हायचे, असे ठरले. माझी समजूत अशी की, हे गोपाळरावांच्या थोर दूरदृष्टीपेक्षा त्यांच्या कारकुनीमुळे घडले. त्यांच्या हातात विलायतेत चालणारे कसब असते तर दोघे मिळून गेले असते, आणि आनंदीबाई कदाचित एखाद्या शाळेत चार बुके शिकून परत आल्या असत्या.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे, जिथे गोपाळराव त्या वेळी पोस्टात होते, आनंदीबाईंनी कॉलेजच्या सभागृहात इंग्रजीतून भाषण केले. आपण का जातो, एकट्या का जातो, हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत कशा येऊ, हे अठरा वर्षेही पुरी न झालेल्या त्या मुलीने भर सभेत एकेक प्रश्न घेऊन सांगितले. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट निघाली, ४ जूनला न्यूयॉर्कला लागली. अठ्ठावन्न दिवस. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश, डीन रेचेल बॉडली यांचा आश्रय, धुराने कोंदणाऱ्या खोलीतला हिवाळा. त्या थंडीत नऊवारीने पाय झाकत नाहीत म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या; पण साडी सोडली नाही. तब्येत ढासळत गेली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ची पदवी मिळाली. तो समारंभ पाहायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या.

आणि गोपाळराव? ते काही इकडे स्वस्थ बसले नाहीत. नोकरी मागे टाकून ब्रह्मदेश, चीन, जपान असा पूर्वेचा रस्ता धरून ते सॅन फ्रान्सिस्कोला उतरले आणि १८८५ साली बायकोकडे पोहोचले. अमेरिकेत त्यांना अखेर एक काम सापडले : व्याख्याने. विषय कोणता, तर अमेरिकन समाजावर आणि ख्रिस्ती धर्मावर टीका. बायकोला आश्रय देणाऱ्यांच्याच गावात हे चालले होते. आनंदीबाईंची काय अवस्था झाली असेल! परदेशात ज्याला काही काम नसते त्याला बोलण्याचे काम उरते, असे मी म्हणणार होतो. पण तेवढ्यात रमाबाई आठवल्या. त्याही बोलण्या-शिकवण्यावरच जगल्या. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर त्यांनी चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात स्वतः शिकता शिकता संस्कृत शिकवले. पुढे १९१० मध्ये गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी हार्वर्डला गेले. इंग्रजी शाळेचे तोंड न पाहिलेला हा गृहस्थ 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाची हेन्री वॉरन यांच्या मृत्यूमुळे अपुरी राहिलेली आवृत्ती पुरी करायला बोलावला गेला होता. तिथे श्रेयावरून तंटा झाला, १९१२ मध्ये ते परतले, पुन्हा गेले. आणि ग्रंथ छापून आला तो १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. संस्कृत, पाली यांना कुणी कसब म्हणणार नाही. पण जे तिकडच्या माणसापाशी नव्हते ते यांच्यापाशी होते, आणि ते यांनी देशोदेशी पायपीट करून मिळवलेले होते. गोपाळरावांपाशी तसले काही नव्हते. हट्ट मात्र उदंड.

आता कोल्हापूर पुन्हा गोष्टीत येते. १८८६ साली आनंदीबाई अमेरिकेत असतानाच कोल्हापूर दरबाराने त्यांना नोकरी देऊ केली : आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागाची मुख्य डॉक्टर. आठ वर्षांपूर्वी ज्या गावातून नोकरीसाठी अमेरिकेला पत्र गेले, त्याच गावाहून अमेरिकेला नोकरीचे बोलावणे गेले. फक्त नाव नवऱ्याचे नव्हते. आनंदीबाईंनी ते स्वीकारले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात दोघे निघाले, नोव्हेंबरात मुंबईला पोहोचले. क्षयाने त्यांना पुरते पोखरले होते. कोल्हापूरला येऊन कामावर रुजू होणे झालेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या वारल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

ते हॉस्पिटल म्हणजे आपले सी. पी. आर. टाऊन हॉलजवळची ती दगडी इमारत. आईच्या दुखण्यात मी तिथल्या बाकावर पुष्कळ रात्री काढल्या आहेत. पुढे शाहू महाराजांच्या पाठिंब्याने डब्लिनला जाऊन शिकून आलेल्या कृष्णाबाई केळवकर या हॉस्पिटलात डॉक्टर होत्या. आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या पुरल्या आहेत. दगडावर नाव आहे, एम. डी. ही पदवी आहे, साले आहेत, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री असे लिहिले आहे.

गोपाळराव त्यानंतर पंचवीस वर्षे जगले. १८९० मध्ये पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसारख्यांना चहाच्या टेबलाशी बसवून मग त्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणणारे ते हेच. वायल्डरसाहेबांकडून ते एवढे तरी शिकले, असे मला गमतीने वाटते. स्वतः एकदा ख्रिस्ती झाले, प्रायश्चित्त घेऊन परत आले. १९१२ साली वारले.

हे सगळे मी त्या मुलाला सांगितले. तो मान खाली घालून ऐकत होता. इतिहासाच्या तासाला बसे तसाच. शेवटी त्याने एकच प्रश्न विचारला, "म्हणजे सर, गोपाळरावांना नोकरी शेवटपर्यंत मिळालीच नाही?"

"नाही," मी म्हटले.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मी मोडी वाचतो, सर. तुम्हीच शिकवली होती. ते लिहू का?"

मी अर्ज पुन्हा पुढे ओढला आणि ते इंग्रजीत कसे लिहायचे याचा आम्ही दोघे विचार करू लागलो. चकली तोवर मऊ पडली होती.