पडद्यावरचे डॉक्टर कोटणीस

आम्हां परप्रांतस्थ मराठी माणसांना चीनच्या अर्वाचीन इतिहासाची जी काही ओळख असते, ती बहुधा एकाच दाराने आत आलेली असते. ते दार म्हणजे व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट. पद्मनाभपुरातील एका घरगुती बैठकीत एका शाळकरी मुलाने विचारले, “डॉक्टर कोटणीस कशाने वारले?” आम्ही क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, “प्लेगने.” रात्री चरित्र उघडून पाहिले, तेव्हा आमचे उत्तर साफ चुकल्याचे ध्यानी आले.

पडद्यावर डॉक्टरांची मोठी कामगिरी म्हणजे प्लेगच्या साथीशी झुंज. शिवाय जपानी सैनिकांच्या हाती सापडण्याचा प्रसंग. चरित्रात यांपैकी काहीच आढळत नाही. चीनमधील त्या युद्धात प्लेग आला नाही असे मात्र नव्हे. १९४० साली निंगबो येथे आणि १९४१ साली चांगदे येथे जपानी सैन्याने विमानांतून प्लेगचे जंतू पसरविले. पण ती गावे दक्षिणेकडची. कोटणीसांचे कार्यक्षेत्र उत्तरेकडील डोंगराळ मुलुखात होते.

सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून निघाले. काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर आणि कलकत्त्याचे बसू व मुखर्जी हे त्यांचे सहकारी होते. आज आमच्यापैकी किती जणांना चोळकरांचे नाव ठाऊक आहे? दुर्ग ज्या प्रांतात मोडत असे, त्याची राजधानी तेव्हा नागपूर होती. तरीही जवळचे चोळकर आम्ही विसरलो. एका नायकाच्या कथेत उरलेले चौघे मावत नाहीत.

पुढे कोटणीस आठव्या मार्गसेनेबरोबर राहिले. १९४० च्या एका दीर्घ लढाईत त्यांनी सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्या असे सांगतात. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी त्यांनी तेथील परिचारिका-शिक्षिका गुओ छिंगलान यांच्याशी विवाह केला. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. दिवसा रुग्ण पाहावेत, विद्यार्थ्यांना शिकवावे आणि उरल्या वेळात शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तक लिहावे, असा त्यांचा क्रम होता. अपस्माराचे झटके येत असतानाही त्यांनी तो मोडला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्या व्याधीनेच त्यांचा अंत झाला. वय अवघे बत्तीस. मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा. दुसरे पाठ्यपुस्तक अपुरे.

चित्रपटकाराची अडचण आम्हांस उमगते. हस्तलिखितावर वाकलेला माणूस पडद्यावर पाहण्यास कोण येईल? साथ हवी, शत्रू हवा, सुटका हवी. परंतु यात एक घोर अन्याय घडतो. चमत्कार ज्याच्या हातून घडतो तो आपल्यासारखा नसतो. म्हणून त्याला नमस्कार केला की आपण मोकळे होतो. खरे कोटणीस मात्र आपल्याला मोकळे सोडत नाहीत. घरापासून हजारो मैल दूर, परक्या भाषेत, आजारी शरीराने त्यांनी रोजचे काम रोज केले. बदलीच्या गावी राहून “आपले येथे कोण आहे?” म्हणणाऱ्या आम्हां मंडळींना यातील टोचणी सहज कळावी.

चित्रपट अवश्य पाहावा. पण मुलांना तो दाखविल्यावर, दिवा लावून दहा मिनिटे चरित्रही सांगावे. आम्ही त्या मुलाकडे दुसऱ्या दिवशी गेलो आणि आपली चूक कबूल केली. त्याने विचारले, “मग त्यांचे अपुरे पुस्तक कोणी पुरे केले?” पडद्याने हा प्रश्न आम्हांस कधी सुचू दिला नव्हता.