तिखट इंजिन, चिवट इंजिन

मॉडेल विमानाच्या इंजिनाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "आरपीएम किती?" किती तास टिकेल, हे सहसा कुणी विचारत नाही. बाईक घेताना आपण निदान मायलेज तरी विचारतो!

अमेरिकेतल्या कॉक्स कंपनीचं १९६० च्या दशकातलं 'टी डी ०४९' घ्या. जेमतेम ०.८ सीसी, पण छोटा पंखा लावला की मिनिटाला वीस हजारांच्या वर फेरे! त्याची किंमतही मोजावी लागते. कनेक्टिंग रॉडचं गोल डोकं पिस्टनमध्ये जिथे बसतं, तो सांधा हळूहळू ढिला होतो. तो पुन्हा घट्ट करायचं खास हत्यारच मिळायचं. ग्लो प्लग जळाला तर अख्खं हेड बदला, कारण दोन्ही एकच.

हा ग्लो प्लग रे आर्डेन यांनी १९४७ मध्ये बाजारात आणला. ठिणगीसाठी लागणारी कॉइल आणि बॅटरी विमानातून गेली, वजन उतरलं. पण खरी गंमत इंधनात आहे. मिथेनॉलमध्येच वंगणाचं तेल मिसळलेलं असतं. जास्त आरपीएमसाठी नीडल व्हॉल्व्ह आवळला की इंधन कमी होतं, आणि त्यासोबत तेलही. म्हणजे इंजिन जास्तीत जास्त तापतं, नेमकं तेव्हाच वंगण कमी! वेग आणि आयुष्य, दोन्ही त्या एकाच स्क्रूवर.

मेनार्ड हिल यांनी उलटा हिशोब मांडला. विक्रमाच्या नियमांनुसार इंजिन १० सीसीपर्यंत आणि इंधनासकट वजन ५ किलोपर्यंत. त्यांनी जपानी ओएस कंपनीचं फोर-स्ट्रोक इंजिन घेतलं, ग्लो प्लग काढून पुन्हा ठिणगी आणली आणि कंदिलात वापरतात तसलं पेट्रोलजातीचं इंधन भरलं. किलोमागे मिथेनॉलच्या दुपटीहून जास्त ऊर्जा! ऑगस्ट २००३ मध्ये त्यांचं विमान कॅनडातल्या न्यूफाउंडलंडहून निघालं आणि सुमारे ३,००० किमी अटलांटिक ओलांडून आयर्लंडला उतरलं. इंजिन जवळपास ३९ तास न थांबता चाललं. हिल तेव्हा ७७ वर्षांचे होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

आधीची विमानं समुद्रात गेली होती, तरी त्यांनी जास्त ताकदीचं इंजिन शोधलं नाही. होतं त्याच्याकडून कमी मागितलं, पण जास्त वेळ मागितलं.

असो. पुढच्या वेळी कुणी आरपीएम सांगितले, तर "किती तास?" हेही विचारा.