घरच्या पडवीतील अमेरिकी मोटार : देखभाल-दुरुस्तीचा इतिहास आणि ‘मूळ स्वरूपा’चा प्रश्न (जामनेर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

मोटारगाडीचा इतिहास बहुधा ती निर्माण करणाऱ्या कारखान्यांच्या अंगाने लिहिला जातो. तथापि गाडी कारखान्यात काही दिवस असते आणि मालकाच्या घरी कित्येक दशके. या दीर्घ काळात तिला चालती ठेवणारे श्रम इतिहासलेखनात क्वचितच नोंदले गेले आहेत. महाराष्ट्रात आलेल्या अमेरिकी बनावटीच्या गाड्यांची घरगुती देखभाल कोणत्या परिस्थितीतून घडली आणि आजचा कायदा त्या परंपरेकडे कसा पाहतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुंबईतील जुळणी आणि तिचा शेवट

अमेरिकी मोटार महाराष्ट्रात केवळ तयार माल म्हणून आली नाही. फोर्ड कंपनीने १९२६ मध्ये आपली भारतीय शाखा स्थापन केली, तर जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे सुट्या भागांची जुळणी सुरू केली. मूळचे सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी झालेल्या करारानुसार तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून डॉज, प्लिमथ व डिसोटो मोटारी आणि फार्गो ट्रक बाहेर पडू लागले.

१९५३ मध्ये जकात आयोगाच्या शिफारशींनुसार ज्या कंपन्या टप्प्याटप्प्याने संपूर्ण गाडी भारतातच बनविण्यास तयार असतील, त्यांनाच परवानगी देण्याचे धोरण केंद्र सरकारने स्वीकारले. केवळ जुळणी करणाऱ्या फोर्ड व जनरल मोटर्स या दोन्ही कंपन्यांनी आपला येथील व्यवसाय आवरता घेतला. नव्या गाड्यांची आयात परवान्यांच्या चौकटीत अडकली. मात्र रस्त्यावर आधीच धावणाऱ्या शेव्हर्ले, फोर्ड व प्लिमथ गाड्या कोठे जाणार होत्या? कंपनी गेली, सुटे भाग मिळेनासे झाले, गाडी मात्र मालकाच्या दारात उभीच राहिली. घरगुती दुरुस्तीची परंपरा या पेचातून बळावली.

सार्वजनिक वाहतुकीलाही हा पेच चुकला नाही. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. त्या काळात परिवहनाच्या ताफ्यात शेव्हर्ले, फोर्ड, स्टुडबेकर या अमेरिकी नावांसह दहा बनावटींच्या गाड्या होत्या. दहा बनावटी म्हणजे सुट्या भागांचे दहा साठे. त्यामुळे एका गाडीचा भाग दुसरीला बसविण्याचे कौशल्य ही तत्कालीन कारागिरांची गरजच होती.

तालुक्याच्या गावी : जीप

जामनेरसारख्या तालुक्याच्या गावी अमेरिकी गाडी म्हणजे प्रामुख्याने जीप. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याचे शिल्लक साहित्य ‘डिस्पोजल’ म्हणून विक्रीस आले. त्यात विलीज व फोर्ड कंपन्यांनी बनविलेल्या जीप होत्या. पुढे महिंद्र कंपनीने स्वातंत्र्योत्तर पहिल्या काही वर्षांतच मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि कालांतराने तिचे संपूर्ण उत्पादन देशातच होऊ लागले.

खानदेशाच्या भूगोलाने या गाडीला स्थान दिले. जामनेरला पाचोऱ्याशी जोडणारी नॅरोगेज रेल्वे होती. परंतु रेल्वेस्थानकापासून दूरच्या खेड्यांकडे जाणारे रस्ते काळ्या कपाशीच्या जमिनीतून जात. पावसाळ्यात या चिखलात साधी मोटार रुतून बसे. चारही चाकांना शक्ती पोहोचविणारी जीप तेथून बाहेर पडू शके. याच प्रदेशात सरकी काढण्याच्या व गाठी बांधण्याच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांमुळे आणि विहिरींवरील ऑइल इंजिनांमुळे यंत्राशी परिचय असलेला फिटर, टर्नर व मिस्त्री असा वर्ग तयार झाला होता. लेथवर बुश कातणारा हात पंपासाठी जसा उपयोगी, तसाच जीपसाठीही.

घरगुती देखभालीची पद्धती

युद्धकालीन जीपचे इंजिन चार सिलिंडरचे, सुमारे २.२ लिटर क्षमतेचे व ६० अश्वशक्तीचे होते. त्याचे दाबगुणोत्तर सुमारे ६.५ इतके कमी असल्याने हलक्या प्रतीच्या पेट्रोलवरही ते चाले. त्यात इलेक्ट्रॉनिक भाग मुळीच नव्हता. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटमध्ये ०.०२० इंच आणि प्लगमध्ये ०.०३० इंच अंतर राखले, कार्बोरेटर साफ ठेवला आणि ठरल्या वेळी ग्रीस भरले की नित्याची देखभाल पुरी होई. हेड उतरवून कार्बन खरवडणे आणि पेस्ट लावून व्हॉल्व्ह हाताने घासणे ही कामेही घराच्या पडवीत होऊ शकत.

खरी अडचण मापांची होती. अमेरिकी गाडीचे नटबोल्ट इंचाच्या मापाचे, तर इटालियन मूळ असलेल्या फियाटचे मेट्रिक. ब्रिटिश यंत्रांवर व्हिटवर्थ पद्धतीचे आटे असत. १९५६ च्या कायद्यानंतर देशाने दशमान मापे स्वीकारली आणि अमेरिकी गाडीच्या मालकाला इंची पाने जपून ठेवावे लागले. चुकीच्या मापाचा पाना लावला की नटाच्या कडा झिजतात आणि पुढच्या वेळी तो छिन्नीनेच काढावा लागतो.

१९७३ च्या तेलसंकटानंतर या देखभालीने आणखी एक वळण घेतले. मोठ्या पेट्रोल इंजिनाची भूक परवडेनाशी झाली. मुंबईतील प्लिमथ टॅक्सींप्रमाणेच अनेक जीपमध्येही डिझेल इंजिने बसविली गेली. पुढे १९८० च्या दशकात महिंद्र कंपनीनेच प्यूजो बनावटीच्या डिझेल इंजिनाची जीप बाजारात आणली. कारागिरांनी शोधलेली वाट कारखान्यानेही धरली, असे येथे दिसते.

अमेरिकी ‘मसल कार’शी तुलना

याच काळात अमेरिकेत वेगळ्या प्रकारची गाडी लोकप्रिय झाली. मध्यम आकाराच्या गाडीत अतिशक्तिशाली आठ सिलिंडरचे इंजिन बसविलेल्या गाडीला ‘मसल कार’ म्हटले जाते आणि १९६४ ची पाँटियाक जीटीओ ही तिची सुरुवात मानली जाते. तिचे इंजिन सुमारे ६.४ लिटरचे व ३२५ अश्वशक्तीचे होते आणि दाबगुणोत्तर दहाच्या वर. अशा गाड्या आयात-निर्बंधांमुळे भारतात फारच थोड्या आल्या. त्यांतील काही परदेशी वकिलातींकडून राज्य व्यापार निगमामार्फत विकल्या गेल्या.

शक्तीत एवढा फरक असूनही दोन्ही गाड्यांच्या घरगुती देखभालीचे तत्त्व एकच होते. कार्बोरेटर, पॉइंट व प्लग हे भाग डोळ्यांनी दिसतात आणि हातांनी जुळविता येतात. फरक होता तो भोवतालच्या समाजाचा. अमेरिकी हौशी मालकाला नवा भाग दुकानातून विकत घेता येई. खानदेशातील मालकाला तो घडवून किंवा बदलून घ्यावा लागे. तेथे दुरुस्ती हा छंद होता, येथे ती निकड होती.

‘मूळ स्वरूपा’चा प्रश्न

१५ जुलै २०२१ रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनास ‘व्हीए’ अक्षरांचा विशेष क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे वैध असते. मात्र वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे आणि त्याची चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे.

जतनाच्या दृष्टीने ही अट समजण्यासारखी आहे. परंतु तिचा परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या गाड्या श्रीमंतांच्या गॅरेजमध्ये झाकून राहिल्या, त्या मूळ स्वरूपात टिकल्या. ज्या शेतावर, दवाखान्याच्या फेऱ्यांवर व प्रवासी वाहतुकीत राबल्या, त्यांचे इंजिन बदलले गेले. आणि बदलले गेले म्हणूनच त्या टिकल्या. डिझेल इंजिनाची जुनी जीप या व्याख्येत बसणे कठीण आहे, यद्यपि तुटवड्याच्या काळाचा इतिहास तिच्याच अंगावर अधिक स्पष्टपणे लिहिलेला आहे.

दरम्यान इंधनही बदलले आहे. २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. त्यामुळे मृदू व्हॉल्व्ह-सीट असलेल्या जुन्या इंजिनांत कठीण धातूच्या सीट बसविणे इष्ट ठरले. २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉल मिश्रित पेट्रोल सर्वत्र आले असून जुन्या रबरी नळ्या व डायफ्राम त्यात टिकत नाहीत. म्हणजे गाडी चालती ठेवायची तर तिच्यात बदल करणे आजही अटळ आहे.

निष्कर्ष

महाराष्ट्रातील अमेरिकी मोटारींचा उत्तरकाळ हा धोरणामुळे उद्भवलेल्या तुटवड्याचा आणि त्याला कारागिरांनी दिलेल्या उत्तराचा इतिहास आहे. लेथवर कातलेला बुश, बदललेले इंजिन व जपून ठेवलेले इंची पाने ही त्या इतिहासाची साधने होत. मूळ गाडीला संग्रहालयात जागा मिळते. दुरुस्त गाडीच्या वाट्याला बहुधा भंगार येते. स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी जुन्या मिस्त्रींच्या मुलाखती, गॅरेजमधील हिशेबवह्या आणि गाड्यांच्या नोंदणीपुस्तकांतील बदलांच्या नोंदी संकलित करणे निकडीचे आहे. हे ज्ञान प्रामुख्याने हातांत आणि स्मरणात साठलेले आहे. ते जाणणारी पिढी आता वृद्ध झाली आहे.