ओबेरॉन क्लास पाणबुडी: बॅटरीवर चालणारी ब्रिटनची ‘गुपचूप’ पाणबुडी

फोनची बॅटरी १५ टक्क्यांवर आली की आपण चार्जर शोधायला लागतो. आता विचार करा, समुद्राखाली दीडशे मीटरवर असलेल्या पाणबुडीची बॅटरी उतरली तर? तिला वर यावंच लागतं. आणि वर आलं की शत्रूला सापडण्याची भीती. डिझेल पाणबुडीचं अख्खं आयुष्य या एका अडचणीभोवती फिरतं. ही अडचण समजून घ्यायला ब्रिटनच्या ओबेरॉन क्लाससारखं दुसरं उदाहरण नाही, कारण त्या काळातल्या सगळ्यात शांत पाणबुड्यांमध्ये तिचं नाव घेतलं जायचं.

आधी ‘क्लास’ म्हणजे काय ते बघू. फोनचं एक मॉडेल असतं आणि त्याचे हजारो नग निघतात, तसंच हे. एकाच आराखड्यावर बांधलेल्या जहाजांचा गट म्हणजे क्लास, आणि त्याला बहुतेक वेळा त्यातल्या एका जहाजाचं नाव देतात. ओबेरॉन क्लासच्या एकूण २७ पाणबुड्या बांधल्या गेल्या. त्यातल्या १३ ब्रिटिश नौदलाच्या, ६ ऑस्ट्रेलियाच्या, प्रत्येकी ३ कॅनडा आणि ब्राझीलच्या, आणि २ चिलीच्या. ब्रिटनने आपल्या सगळ्यांची नावं इंग्रजी ‘ओ’ अक्षरावरून ठेवली होती: ओबेरॉन, ऑर्फियस, ओसेलॉट, ऑनिक्स, ओटस वगैरे.

सुरुवात कुठून झाली?

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जर्मनीने ‘टाइप २१’ नावाची पाणबुडी बनवली होती. त्याआधीच्या पाणबुड्या खरं तर पाण्यावर चालणाऱ्या बोटीच होत्या, गरज पडली की थोडा वेळ बुडी मारायच्या. टाइप २१ मात्र पाण्याखालीच जास्त वेळ राहण्यासाठी बनवलेली. मोठी बॅटरी, गुळगुळीत बांधा. युद्ध संपल्यावर ब्रिटन, अमेरिका आणि सोव्हिएत रशिया, तिघांनीही पकडलेल्या जर्मन पाणबुड्यांचा बारकाईने अभ्यास केला.

त्यातून शिकून ब्रिटनने आधी पॉरपॉइज क्लासच्या ८ पाणबुड्या बांधल्या. ओबेरॉन ही त्याचीच सुधारलेली आवृत्ती. बाहेरून दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात. फरक आत होता: जास्त मजबूत पोलाद, त्यामुळे जास्त खोल जाण्याची क्षमता, आणि वरच्या आवरणात ग्लास फायबरचा वापर. ‘ओबेरॉन’ १९५९ मध्ये पाण्यात उतरली आणि १९६१ मध्ये नौदलात आली. गंमत म्हणजे तिची बहीण ‘ऑर्फियस’ तिच्या आधीच, १९६० मध्ये, सेवेत दाखल झाली होती.

आकडे सांगायचे तर लांबी सुमारे ९० मीटर, पाण्याखाली वजन २,४०० टनांच्या आसपास, खलाशी आणि अधिकारी मिळून साधारण ७० जण. पाणतीर म्हणजे टॉर्पेडो सोडायला ८ नळ्या, ६ पुढे आणि २ मागे. पाण्यावर वेग १२ नॉट (ताशी सुमारे २२ किलोमीटर), पाण्याखाली १७ नॉट (ताशी सुमारे ३१ किलोमीटर). हो, बरोबर वाचलंत, पाण्याखाली जास्त वेग.

ही चालते कशी?

ओबेरॉनमध्ये दोन मोठी डिझेल इंजिनं असतात, पण ती पंखा फिरवत नाहीत. ती जनरेटर फिरवतात. जनरेटरची वीज बॅटरीत भरली जाते आणि पंखे फिरवतात त्या विजेच्या मोटारी. बॅटरीचे दोन संच, प्रत्येकात २२४ सेल, म्हणजे एकूण ४४८. जात कुठली? लेड-ॲसिड. लाईट गेल्यावर घरचा इन्व्हर्टर ज्यावर चालतो, बहुतेक ठिकाणी तीच.

बॅटरीवर चालताना आवाज जवळजवळ नसतो. इंजिन बंद, फक्त मोटार आणि सावकाश फिरणारे पंखे. पाण्यात आवाज हवेपेक्षा साधारण चौपट वेगाने आणि खूप लांबवर जातो, म्हणून पाणबुडी शोधायचं मुख्य साधन कान हेच आहे. त्या कानाला सोनार म्हणतात. अणुपाणबुडीला महिनोन् महिने वर यावं लागत नाही, पण तिच्या अणुभट्टीला थंड ठेवणारे पंप आणि टर्बाइन यांचा आवाज पूर्ण बंद करता येत नाही. ओबेरॉनला सगळंच बंद करता यायचं.

पण बॅटरी उतरते. हळू चाललं तर दिवस निघतात, फुल स्पीडला चाललं तर लगेच संपते (गेम खेळताना फोनचं काय होतं ते आठवा). मग चार्जिंग. डिझेल जाळायला हवा लागते, म्हणून पाणबुडी पेरिस्कोपच्या खोलीपर्यंत वर येते आणि एक नळी पाण्याबाहेर काढते. या नळीला स्नॉर्केल म्हणतात, ब्रिटिश खलाशी तिला ‘स्नॉर्ट’ म्हणायचे. लाट नळीवरून गेली की वरची झडप आपोआप बंद होते, नाहीतर समुद्र आत येईल. पण इंजिनं चालूच असतात आणि ती मग पाणबुडीतली हवाच ओढायला लागतात. आतला दाब झपकन कमी होतो, सगळ्यांचे कान दुखतात. झडप उघडली की पुन्हा उलटं. खवळलेल्या समुद्रात हे तासन् तास चालायचं.

याच वेळी पाणबुडी सगळ्यात असुरक्षित असते. नळी रडारवर दिसू शकते, इंजिनांचा आवाज लांबपर्यंत ऐकू जातो. आणि धोका बाहेरूनच येतो असंही नाही. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ‘ऑन्स्लो’मध्ये डिझेल जनरेटरमध्ये बिघाड झाला आणि कार्बन मोनॉक्साइड वायू आत पसरला. या वायूला ना वास, ना रंग. एका खलाशाचा जीव गेला. शिवाय लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो साचला तर स्फोट होऊ शकतो. म्हणजे जी बॅटरी पाणबुडीला लपवते, तिच्यावर आतल्या माणसांना सतत डोळा ठेवावा लागतो.

फॉकलंडच्या युद्धात काय झालं?

१९८२ मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना यांचं युद्ध झालं. ब्रिटनने अणुपाणबुड्या पाठवल्याच, आणि ‘कॉन्करर’ने २ मे रोजी ‘जनरल बेलग्रानो’ ही क्रूझर बुडवली, ते बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्यांच्यासोबत ब्रिटनची एकच डिझेल पाणबुडी तिथे गेली होती: ओबेरॉन क्लासची ‘ऑनिक्स’. अणुपाणबुड्या मोठ्या, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात त्यांना वावरणं अवघड. विशेष दलाच्या सैनिकांना अंधारात किनाऱ्यापर्यंत न्यायला लहान आणि शांत ऑनिक्सच कामाची होती. जळून गेलेलं ‘सर गॅलाहॅड’ हे जहाज युद्ध संपल्यावर समुद्रात नेऊन बुडवायचं कामही ऑनिक्सच्याच वाट्याला आलं. अर्जेंटिनाच्या विमानांनी ८ जूनला त्या जहाजावर बॉम्ब टाकले होते आणि त्यावरचे कितीतरी सैनिक मेले होते.

माझ्या मते मात्र डिझेल पाणबुडीची खरी ताकद त्या युद्धात समोरच्या बाजूने दिसली. अर्जेंटिनाकडे ‘सान लुईस’ ही जर्मन बनावटीची डिझेल पाणबुडी होती. तिचे टॉर्पेडो नीट चाललेच नाहीत, तिने एकही जहाज बुडवलं नाही. तरी ब्रिटिश ताफा तिला शोधत राहिला, संशय आला तिथे हत्यारं टाकत राहिला, आणि ती शेवटपर्यंत सापडली नाही. आपण बनवलेल्या शांत पाणबुड्यांचा गर्व असणाऱ्या नौदलाला दुसऱ्याची शांत पाणबुडी शोधता आली नाही!

ऑस्ट्रेलियाने आपल्या ओबेरॉन सगळ्यात जास्त सुधारल्या. नवीन सोनार, अमेरिकन मार्क ४८ टॉर्पेडो, जहाजावर मारा करणारी हार्पून क्षेपणास्त्रं. १९८७ मध्ये ‘ओव्हन्स’ने मार्क ४८ च्या चाचणीत ‘कोलॅक’ हे जुनं जहाज बुडवलं. म्हणजे हार्डवेअर १९५०च्या दशकाचं, अपडेट मात्र १९८०च्या दशकाचे.

भारताचा काय संबंध?

थोडा आहे. १९६० च्या दशकात, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, भारत पहिली पाणबुडी घ्यायच्या तयारीत होता आणि आधी ब्रिटनशी बोलणी झाली होती. पैशांचं जमलं नाही. मग सोव्हिएत रशियाकडून फॉक्सट्रॉट क्लासच्या पाणबुड्या आल्या आणि ८ डिसेंबर १९६७ रोजी ‘आयएनएस कलवरी’ नौदलात दाखल झाली. तो दिवस आजही आपल्याकडे पाणबुडी दिन म्हणून पाळतात. फॉक्सट्रॉटवरही त्याच टाइप २१ चा प्रभाव होता, त्यामुळे तिला ओबेरॉनची चुलत बहीण म्हणायला हरकत नाही. आणि ती ‘सान लुईस’ आठवते ना? तिच्याच टाइप २०९ घराण्यातल्या दोन पाणबुड्या, ‘शाल्की’ आणि ‘शंकुल’, पुढे मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधल्या गेल्या.

शेवट कसा झाला?

ब्रिटनने १९९३ पर्यंत सगळ्या ओबेरॉन निवृत्त केल्या. त्यांच्या जागी आलेल्या अपहोल्डर क्लासच्या फक्त ४ पाणबुड्या झाल्या, त्याही १९९४ मध्ये बाजूला काढून पुढे कॅनडाला दिल्या. तेव्हापासून ब्रिटनकडे फक्त अणुपाणबुड्या आहेत. ऑस्ट्रेलियाची शेवटची ओबेरॉन, ‘ओटामा’, २००० साली निवृत्त झाली.

बॅटरीची गोष्ट मात्र पुढे चालू आहे. जपानने २०२० मध्ये ‘ओर्यू’ ही पाणबुडी सेवेत आणली आणि तिच्यात लेड-ॲसिडऐवजी लिथियम-आयन बॅटरी बसवली, म्हणजे तुमच्या फोनमधलीच जात.

ओबेरॉन आतून बघायची असेल तर इंग्लंडमध्ये चॅटम इथे ‘ओसेलॉट’ आहे, सिडनीत ‘ऑन्स्लो’, फ्रीमँटलमध्ये ‘ओव्हन्स’, जर्मनीत सास्निट्झला ‘ओटस’. ‘ऑटवे’चा वरचा भाग तर ऑस्ट्रेलियात समुद्रापासून बऱ्याच लांब, होलब्रुक गावातल्या बागेत ठेवलाय. एवढं लांब जाणं शक्य नसेल तर विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ‘आयएनएस कुरसुरा’ उभी आहे, आपली फॉक्सट्रॉट. आत जाताना डोकं सांभाळा, दरवाजे गोल आणि फार लहान आहेत.