पत्र्याखालचा उन्हाळा

लोहाराच्या भट्टीची धग पूर्वी कौलांच्या फटींतून वर निघून जायची. 1829 साली लंडनमध्ये हेन्री पामर यांनी नागमोडी लोखंडी पत्र्याचं पेटंट घेतलं. पुढे त्यावर जस्ताचा मुलामा आला आणि हा हलका पत्रा आपल्याकडच्या कारखान्यांवरही चढला. मालकाला छप्पर स्वस्त पडलं, ताप मात्र कामगाराच्या डोक्यावर आला. खालून भट्टी, वरून पत्रा!

मग उपाय काय? साहेबाच्या बंगल्यातली वाळ्याची ओली ताटी इथे चालत नाही. दमट हवेत लोखंडी माल गंजतो. आपण जुन्या कौलांचाच धडा घेऊ: माथ्याशी गरम हवेला वाट, खाली वाऱ्याच्या बाजूला झरोका. दोन्ही लागतात. आणि पत्र्यावर चुन्याची सफेदी, दर उन्हाळ्याआधी. कारण पावसात ती धुऊन जाते.