लिबरल आर्ट्‌स महाविद्यालयातील रसायनशास्त्र : पदवी बी.ए.ची, अभ्यास विज्ञानाचा

बारावीनंतर अमेरिकेतील शिक्षणाचा विचार करणाऱ्या अनेक पालकांच्या डोळ्यांसमोर ‘लिबरल आर्ट्‌स कॉलेज’ हे नाव ऐकताच कला शाखा उभी राहते. रसायनशास्त्राची आवड असलेले विद्यार्थी त्यामुळे या महाविद्यालयांचा विचारच करीत नाहीत. हा गैरसमज नावातून आलेला आहे. मध्ययुगीन युरोपात ज्या सात विद्यांना ही संज्ञा होती, त्यांत व्याकरण, तर्क व वक्तृत्व यांच्याबरोबर अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र यांचाही समावेश होता. आजच्या लिबरल आर्ट्‌स महाविद्यालयांतही रसायनशास्त्र हा पूर्णपणे प्रस्थापित असा मुख्य विषय आहे.

अभ्यासक्रमाची रचना

पदवी चार वर्षांची असते. मुख्य विषय साधारणतः दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जाहीर करावा लागतो. रसायनशास्त्रात मात्र तोवर थांबून चालत नाही. सामान्य रसायनशास्त्रावाचून सेंद्रिय रसायनशास्त्र घेता येत नाही आणि कलनशास्त्र व भौतिकशास्त्रावाचून भौतिकी रसायनशास्त्राचे दार उघडत नाही. म्हणून पहिल्याच सत्रापासून आखणी करावी लागते. अमेरिकन केमिकल सोसायटी ज्या पदवी अभ्यासक्रमांना मान्यता देते, त्यांत विश्लेषणात्मक, जैव, असेंद्रिय, सेंद्रिय आणि भौतिकी या पाचही शाखांचा पाया अपेक्षित असतो. याखेरीज इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, परकीय भाषा अशा विषयांनाही वेळ द्यावा लागतो. या महाविद्यालयांत रसायनशास्त्राची पदवी पुष्कळदा ‘बी.ए.’ हीच असते. त्यावरून ती कमी प्रतीची ठरत नाही.

शिक्षक आणि प्रयोगशाळा

या महाविद्यालयांचे खरे वेगळेपण प्रयोगशाळेत दिसते. मोठ्या संशोधन विद्यापीठांत प्राध्यापकांच्या संशोधनाचा भार पीएच.डी.चे विद्यार्थी वाहतात आणि पदवीच्या विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिकही बहुधा तेच घेतात. लिबरल आर्ट्‌स महाविद्यालयात हा मधला थर जवळजवळ नसतोच. प्राध्यापकाला संशोधन करायचे तर सहकारी म्हणून पदवीचाच विद्यार्थी घ्यावा लागतो. त्यामुळे एनएमआरसारखी यंत्रे विद्यार्थी स्वतः हाताळतो, फसलेला प्रयोग पुन्हा मांडतो आणि कधी शोधनिबंधाचा सहलेखकही होतो. ऑरेगन राज्यातील रीड महाविद्यालयात प्रत्येक विद्यार्थ्याला अखेरच्या वर्षी प्रबंध लिहून त्याचे तोंडी समर्थन करावे लागते. तेथील संशोधन अणुभट्टी १९६८ पासून कार्यरत आहे आणि ती चालविण्यात परवानाधारक विद्यार्थ्यांचा मोठा वाटा असतो.

या पद्धतीची मुळे जुनी आहेत. ओहायोतील ओबरलिन महाविद्यालयात फ्रँक फॅनिंग ज्युएट हे प्राध्यापक होते. अॅल्युमिनियम स्वस्तात वेगळे करण्याचा प्रश्न त्यांनी विद्यार्थ्यांपुढे मांडला होता. तो मनावर घेणाऱ्या चार्ल्स मार्टिन हॉल या विद्यार्थ्याला त्यांनी मार्गदर्शन व साहित्य पुरविले. हॉल १८८५ मध्ये पदवीधर झाला. २३ फेब्रुवारी १८८६ रोजी घरामागच्या लाकडाच्या कोठीत त्याने वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये विरघळविलेल्या अॅल्युमिनातून विद्युत्‌प्रवाह सोडून अॅल्युमिनियमचे गोळे मिळविले. ओबरलिनमध्येच रसायनशास्त्र शिकलेली त्याची बहीण ज्युलिया हिची त्याला साथ होती. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल एरू यानेही स्वतंत्रपणे हीच कृती शोधली. एके काळी मौल्यवान मानला जाणारा हा धातू पुढे घरोघरच्या स्वयंपाकघरात पोहोचला तो या कृतीमुळेच.

अलीकडची उदाहरणेही आहेत. १९८९ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळविणारे थॉमस चेक हे ग्रिनेल महाविद्यालयाचे, तर २०२० च्या मानकरी जेनिफर डाउडना पोमोना महाविद्यालयाच्या पदवीधर आहेत. दोघांनीही पुढे पीएच.डी. मात्र मोठ्या विद्यापीठांतून केली.

मर्यादा आणि खर्च

उणी बाजूही आहे. विभाग लहान असल्याने प्रगत विषयांची निवड मर्यादित राहते. एखादा प्राध्यापक रजेवर गेला तर एखादा विषय त्या वर्षी शिकविलाच जात नाही. रासायनिक अभियांत्रिकीची पदवी बहुतेक ठिकाणी मिळत नाही. शुल्क भारी असते. अॅमहर्स्टसारखी मोजकीच महाविद्यालये परदेशी अर्जदारांची आर्थिक स्थिती न पाहता प्रवेश देतात; इतरत्र अर्थसाह्याची मागणी प्रवेशाच्या निर्णयात मोजली जाऊ शकते. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या निधीवर चालणारे उन्हाळी संशोधन कार्यक्रम अमेरिकी नागरिक व कायम रहिवाशांसाठी असल्याने भारतीय विद्यार्थ्याची भिस्त महाविद्यालयाच्या स्वतःच्या निधीवर असते. उलट, पदवीनंतर रसायनशास्त्राच्या पीएच.डी.ला थेट प्रवेश मिळू शकतो आणि तेथे बहुधा शुल्कमाफी व विद्यावेतन असते.

आपल्याकडचा संदर्भ

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर मुख्य व गौण विषयांची रचना भारतातही आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० आणि चार वर्षांच्या पदवीसाठी १६० श्रेयांक लागतात. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्याला चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प घेता येतो. रचनेतील हे साम्य पुरेसे नाही; त्या प्रकल्पाला वेळ देणारा शिक्षक आणि विद्यार्थ्याच्या हाती येणारे उपकरण असेल, तरच त्याला अर्थ आहे.

म्हणून महाविद्यालय परदेशातील असो वा आपल्या जिल्ह्यातील, प्रवेशापूर्वी काही प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षी किती विद्यार्थ्यांनी प्रबंध लिहिला? यंत्रे विद्यार्थी स्वतः वापरतात की केवळ पाहतात? सुटीतील संशोधनाला निधी मिळतो का? प्रगत विषय दरवर्षी शिकविले जातात का? परदेशी पदवी घेऊन भारतात परतायचे असल्यास तिच्या समकक्षतेची चौकशीही आधीच केलेली बरी. या उत्तरांवरून महाविद्यालयाची जी पारख होते, ती त्याच्या नावावरून होत नाही.