कठीण शरीररचना आणि उदरीय महाधमनीविस्फारावरील स्टेंट-ग्राफ्ट उपचार : एक ऐतिहासिक आढावा

महाधमनीची भिंत दुर्बल होऊन ती फुग्यासारखी फुगत जाणे, यास धमनीविस्फार असे म्हणतात. उदरातील असा विस्फार फुटल्यास बहुतांश रुग्ण दगावतात. १९५५ साली अल्बर्ट आइन्स्टाइन यांचा मृत्यू याच कारणाने झाला. त्यापूर्वी १९४८ मध्ये रुडॉल्फ निसेन यांनी त्यांच्या धमनीभोवती सेलोफेन गुंडाळले होते. त्या काळी शल्यचिकित्सकांच्या हाती किती अल्प साधने होती, याची यावरून कल्पना येते. १९५१ मध्ये पॅरिस येथे शार्ल द्युबोस्त यांनी विस्फारित भाग काढून तेथे मृत दात्याची धमनी बसविली व खुल्या शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. परंतु हृदय वा फुप्फुसे दुर्बल असलेल्या वृद्धांना ती सोसवत नसे.

अशा रुग्णांसाठीच ७ सप्टेंबर १९९० रोजी ब्युनोस आयर्स येथे हुआन पारोदी यांनी जांघेतील धमनीतून डेक्रॉनची नळी आत नेऊन स्टेंटच्या आधारे बसविली. तत्पूर्वी १९८७ मध्ये खारकिव्ह येथे निकोलाय व्होलोदोस यांनी छातीतील महाधमनीत असाच उपचार केला होता. मात्र सोव्हिएत संघातील ते कार्य पाश्चात्त्य जगास दीर्घकाळ फारसे ज्ञात नव्हते. वैद्यकाच्या इतिहासात भाषा व सीमा यांनी श्रेय झाकल्याचे हे एकमेव उदाहरण नव्हे.

नव्या पद्धतीची खरी कसोटी शरीररचनेने पाहिली. मूत्रपिंडाच्या धमन्यांखालील निरोगी भाग म्हणजे विस्फाराची ग्रीवा; स्टेंट-ग्राफ्टची पकड तेथेच बसते. सुरुवातीच्या साधनांना साधारणतः १५ मिलिमीटर लांबीची व ६० अंशांहून कमी वाकलेली ग्रीवा आवश्यक असे. ती आखूड, वाकडी, शंकूसारखी रुंदावणारी वा गुठळ्यांनी व्यापलेली असल्यास कडेने रक्त झिरपते आणि विस्फारावरील दाब कायम राहतो. श्रोणीतील धमन्या अरुंद व कॅल्शियम साचून कडक झालेल्या असतील, तर साधन वर नेणेच दुष्कर होते. अशा रीतीने खुली शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या अनेकांना हाही मार्ग बंद होता.

यावर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पर्थ येथे मायकेल लॉरेन्स-ब्राउन व डेव्हिड हार्टली यांच्या गटाने छिद्रयुक्त ग्राफ्ट विकसित करण्यात मोठा वाटा उचलला. यात मूत्रपिंडाच्या धमन्यांसमोर छिद्रे ठेवून ग्राफ्टची पकड वरच्या निरोगी भागात घेतली जाते. सीटी स्कॅनवरून रुग्णागणिक मापे घ्यावी लागतात व निर्मितीस काही आठवडे लागतात; त्यामुळे फुटलेल्या विस्फारात त्याचा उपयोग होत नाही. अमेरिकेत अशा ग्राफ्टला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. तातडीच्या प्रसंगी मुख्य ग्राफ्टच्या कडेने मूत्रपिंडाच्या धमनीत समांतर स्टेंट टाकण्याची 'चिमणी' पद्धतही रूढ झाली. मात्र दोन नळ्यांमधील फटींतून गळतीचा धोका राहतो.

ब्रिटनमधील 'ईव्हार-१' चाचणीत तीस दिवसांतील मृत्युप्रमाण स्टेंट-ग्राफ्टनंतर १.७ टक्के, तर खुल्या शस्त्रक्रियेनंतर ४.७ टक्के आढळले (२००४). हे आकडे सरसकट उद्धृत केले जातात, ते योग्य नव्हे. चाचणीत ज्यांची रचना अनुकूल होती असेच रुग्ण घेतले होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन पाहणीत तर आठ वर्षांनंतर खुल्या शस्त्रक्रियेचे रुग्णच अधिक संख्येने जिवंत राहिल्याचे दिसले. म्हणून स्टेंट-ग्राफ्ट बसविलेल्या रुग्णाची तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते.